एकच कोच, एकच मैदान, दोन हंगाम: ओहायो स्टेटचं युद्धकाळातलं अजिंक्यपद

१९४२ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा फुटबॉल संघ देशातला पहिल्या क्रमांकाचा कॉलेज संघ ठरला. दहा सामने, नऊ विजय, एक पराभव. पुढच्या वर्षी तीच युनिव्हर्सिटी, तोच कोच, तेच स्टेडियम, आणि निकाल मात्र तीन विजय आणि सहा पराभव. कोच वर्षभरात खेळ विसरला नव्हता. मधल्या काळात वॉशिंग्टनमधून काही आदेश निघाले होते, आणि कोणत्या कॉलेजच्या वाट्याला सैन्याचं कोणतं खातं आलं यावर मैदानातले निकाल ठरायला लागले होते. युद्ध चालू असताना कॉलेजचा संघ अजिंक्य ठरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं तर या संघाइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

आधी खेळाबद्दल थोडं. हा पायाने गोल मारायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, शंभर यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि वर एक किक मारून आणखी एक गुण मिळवायची संधी. आज चढाईचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे असतात. तेव्हा बहुतेक संघांत तेच अकरा जण दोन्ही कामं करायचे. त्यामुळे एखादा चांगला खेळाडू सैन्यात गेला की संघाची चढाई आणि बचाव दोन्ही एकदम लंगडे व्हायचे. पुढचं सगळं समजायला एवढं पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट, कॉलेजच्या खेळाला तिथे असलेलं वजन. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला दोन्ही संघांचे मित्र आणि एखादे प्राध्यापक हजर असले तरी गर्दी झाली म्हणतात. ओहायोची राजधानी कोलंबस इथे १९२२ साली घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम उभं राहिलं, ते सुमारे ६६ हजार प्रेक्षकांचं, आणि तेही एका युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांच्या सामन्यांसाठी. व्यावसायिक फुटबॉल तेव्हाही होता, पण लोकांचा जीव अडकलेला असायचा तो कॉलेजच्या संघांत.

ओहायो स्टेट ‘बिग टेन’ या गटात खेळायची. नावात दहा असले तरी १९४२ साली त्यात फुटबॉल खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्या नऊच होत्या. दहावी होती शिकागो. तिने १९३९ च्या हंगामानंतर फुटबॉल बंदच करून टाकला. त्यांचं स्टॅग फील्ड हे मैदान ओस पडलं. ओहायो स्टेटचा १९४२ चा शेवटचा सामना २८ नोव्हेंबरला झाला, आणि चारच दिवसांनी, २ डिसेंबरला, त्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षक-गॅलरीखालच्या एका बंदिस्त कोर्टात एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया घडवून आणली. विषयांतर आहे, पण गाळवत नाही.

आणि विजेता ठरायचा कसा? हा भाग भारतीय वाचकाला सगळ्यात विचित्र वाटेल. अंतिम सामना नसायचा. देशभरात शेकडो कॉलेजं खेळत, प्रत्येकाचे सामने जेमतेम आठ ते बारा, आणि बहुतेक संघांची एकमेकांशी गाठही पडत नसे. मग असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांकडून दर आठवड्याला मतं मागवायची आणि क्रमवारी छापायची. १९३६ पासून हे सुरू झालं. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला शेवटचं मतदान व्हायचं आणि त्यात जो पहिला तो राष्ट्रीय विजेता. नववर्षाच्या दिवशी होणारे ‘बोल’ सामने, त्यांतला रोझ बोल सगळ्यात जुना आणि मानाचा, या मतदानानंतर व्हायचे, म्हणजे त्यांचा निकाल हिशेबात धरलाच जायचा नाही. शिवाय बिग टेनच्या संघांना त्या काळी असे सामने खेळायची परवानगीच नव्हती. थोडक्यात, अजिंक्यपद मैदानात अर्धं मिळायचं आणि उरलेलं अर्धं पत्रकारांच्या मतपत्रिकांवर.

आता कोचकडे वळू. पॉल ब्राउन हा ओहायोतल्याच मॅसिलन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात हायस्कूलच्या मुलांना शिकवायचा. नऊ वर्षांत त्याच्या शाळेच्या संघाने ८० सामने जिंकले आणि फक्त आठ हरले. १९४१ च्या सुरुवातीला ओहायो स्टेटची जागा रिकामी झाली, तेव्हा राज्यभरातल्या शाळांच्या कोचांनी त्याच्यासाठी जोर लावला आणि वयाच्या ३२ व्या वर्षी तो थेट शाळेतून एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीत आला. त्याची पद्धत मास्तरकीचीच होती. खेळाडूंना वह्या ठेवायला लावायचा, डावपेच लिहून घ्यायचा आणि त्यांची लेखी परीक्षाही घ्यायचा. धिप्पाड पण मंद मुलापेक्षा हलका आणि चपळ मुलगा त्याला जास्त पसंत असायचा. चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतोस, हे तो घड्याळ लावून बघायचा. सराव कमी वेळाचा, पण मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवलेला. आज हे सगळं कोणताही कोच करतो. तेव्हा अंगातली रग आणि आरडाओरडा हीच कोचची साधनं मानली जात.

१९४१ चा पहिला हंगाम त्याने बरा काढला: सहा विजय, एक पराभव, एक बरोबरी. हंगाम संपून दोन आठवडे होतात न होतात तोच ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला.

युद्धात उतरलेल्या देशात धडधाकट पोरांनी चेंडूमागे पळावं का, हा प्रश्न लगेच उभा राहिला. जानेवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की खेळ चालू राहिलेला देशासाठी बरा. लोक जास्त तास राबणार आहेत, त्यांना विरंगुळा हवा. पत्र बेसबॉलपुरतं होतं, पण सूर सगळ्यांनी ऐकला. मात्र परवानगी असणं आणि खेळाडू असणं या दोन वेगळ्या गोष्टी. १९४२ च्या उन्हाळ्यात सक्तीच्या भरतीचं वय होतं वीस आणि त्यापुढे. कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असणारी मुलं साधारण अठरा ते वीस वर्षांची. म्हणजे युद्ध पेटलं होतं, मोठी मुलं जात होती, पण ब्राउनच्या संघातली बरीचशी मुलं अजून भरतीच्या वयाच्या अलीकडे होती. शिवाय अनेक विद्यार्थ्यांनी राखीव दलात नाव घातलं होतं; नाव घातलेल्याला बोलावणं येईपर्यंत शिकता येत होतं. १३ नोव्हेंबर १९४२ ला रूझवेल्ट यांनी भरतीचं वय अठरावर आणणाऱ्या कायद्यावर सही केली. दुसऱ्याच दिवशी ओहायो स्टेटचा इलिनॉयशी सामना होता. कायदा झाला तरी बोलावणी यायला काही महिने लागतात, आणि तेवढ्यात हंगाम संपला.

हा काळाचा छोटासा पट्टा ओळखल्याशिवाय १९४२ चा संघ कळत नाही. तो एक वर्ष आधी असता तर सगळेच संघ भक्कम होते. एक वर्ष नंतर असता तर तो स्वतःच उरला नसता.

युद्धाच्या खुणा मात्र पहिल्या सामन्यापासून होत्या. २६ सप्टेंबरला समोर आला तो कुठल्या कॉलेजचा संघ नव्हता, तर फोर्ट नॉक्स या लष्करी तळाचा. ओहायो स्टेटने तो ५९-० असा धुऊन काढला. तळांवरचे असे संघ त्या वर्षी जागोजागी उभे राहत होते, आणि सगळेच काही फोर्ट नॉक्ससारखे लेचेपेचे नव्हते. नौदलाला वैमानिक घडवण्याआधी त्यांचं शरीर कणखर करायचं होतं. त्यासाठी आयोवासारख्या युनिव्हर्सिट्यांच्या आवारात ‘प्री-फ्लाइट’ शाळा निघाल्या. विमान चालवायला लागणारी चपळाई, एकजूट आणि मार खाण्याची तयारी फुटबॉलमधून येते, असं नौदलाच्या अधिकाऱ्यांचं ठाम मत होतं. म्हणून या शाळांना स्वतःचे संघ होते. आयोवा प्री-फ्लाइटचा कोच होता बर्नी बिअरमन, ज्याच्या मिनेसोटा संघाने आदल्या दोन्ही वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं होतं. कॉलेज संपवून आलेले, काही तर व्यावसायिक फुटबॉल खेळलेले दणकट गडी त्याच्या हाताखाली होते. त्या वर्षी मिशिगन आणि मिनेसोटा दोघांनाही या संघाने हरवलं.

ओहायो स्टेटने पहिले पाच सामने जिंकले: फोर्ट नॉक्सनंतर इंडियाना ३२-२१, सदर्न कॅलिफोर्निया २८-१२, पर्ड्यू २६-०, नॉर्थवेस्टर्न २०-६. मधून भिडणारा फुलबॅक जीन फेकेटे, बगलेने निसटणारे लेस होर्वाथ आणि पॉल सॅरिंगहाउस, आणि पुढच्या फळीत बिल विलिस आणि चार्ल्स क्सुरी. क्रमवारीत संघ पहिला होता. मग ३१ ऑक्टोबरला विस्कॉन्सिनच्या मॅडिसन गावी जायचं होतं.

संघ रेल्वेने निघाला. चांगले डबे सैन्याच्या वाहतुकीला लागले होते, त्यामुळे संघाच्या वाट्याला जुना डबा आला असं सांगतात. त्या डब्यातलं पिण्याचं पाणी दूषित होतं. सामन्याच्या आधीच खेळाडूंची पोटं बिघडली. जुलाब आणि अशक्तपणा घेऊन बरेच जण मैदानात उतरले. विस्कॉन्सिनने १७-७ असा सामना जिंकला. ओहायोत आजही या पराभवाला ‘घाणेरड्या पाण्याचा सामना’ म्हणतात.

मला हे नाव थोडं सोयीचं वाटतं. पोटं बिघडली होती हे खरंच. पण समोर कोण होतं तेही बघा: वेडावाकडा पळणारा, म्हणून ‘क्रेझीलेग्ज’ नाव पडलेला एलरॉय हर्श, धडक मारणारा पॅट हार्डर, आणि त्या मोसमातला बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला डेव्ह श्रायनर. विस्कॉन्सिनने वर्षभरात एकच सामना गमावला आणि शेवटच्या क्रमवारीत ती तिसरी आली. निरोगी ओहायो स्टेटही तिथे हरू शकली असती.

एक पराभव म्हणजे तेव्हाच्या हिशेबात जवळपास संपल्यातच जमा. पहिला क्रमांक गेला. पुढचे सामने मात्र संघ चिडून खेळल्यासारखा खेळला: पिट्सबर्ग ५९-१९, क्लीव्हलंडमध्ये इलिनॉय ४४-२०, आणि २१ नोव्हेंबरला हाडवैरी मिशिगनवर २१-७. मिशिगनला हरवलं की बिग टेनचं विजेतेपद आलं. ओहायोच्या माणसाला विचाराल तर तेवढ्यावरच दिवाळी साजरी झाली असती. राष्ट्रीय पदासाठी मात्र दुसऱ्या कोणाचे पाय घसरावे लागणार होते.

त्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, पहिल्या क्रमांकावरच्या जॉर्जियाला ऑबर्नने २७-१३ असं अनपेक्षित हरवलं. पहिली जागा बोस्टन कॉलेजकडे गेली. दुसऱ्या जागेवर अजून न हरलेली जॉर्जिया टेक. एका आठवड्याने, २८ नोव्हेंबरला, काय झालं ते आजही वाचताना खोटं वाटतं. बोस्टन कॉलेजला त्याच राज्यातल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने, होली क्रॉसने, ५५-१२ असं चिरडलं. ज्या जॉर्जियाला आठवड्यापूर्वी तोंड लपवावं लागलं होतं, तिने जॉर्जिया टेकला ३४-० असं झोडलं. आणि कोलंबसमध्ये ओहायो स्टेटने बिअरमनच्या वैमानिक-संघाला ४१-१२ असं हरवलं. शेवटच्या मतदानात पत्रकारांनी एक पराभव झालेल्या ओहायो स्टेटला पहिलं ठेवलं आणि एक पराभव झालेल्या जॉर्जियाला दुसरं.

बोस्टनमध्ये त्या पराभवाने एक वेगळंच काम केलं. विजयाची पार्टी ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या नाइटक्लबमध्ये ठरली होती. हरल्यामुळे संघ तिकडे गेला नाही. त्या रात्री क्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली.

त्याच २८ तारखेला लष्कर आणि नौदल यांच्या अकादमींचा वार्षिक सामनाही झाला. एरवी तो लाखभर लोकांसमोर फिलाडेल्फियात व्हायचा. या वर्षी पेट्रोल आणि टायर वाचवायचे म्हणून तो नौदलाच्या ॲनापोलिस गावातच खेळवला आणि मैदानापासून दहा मैलांच्या आत राहणाऱ्यांनाच तिकिटं दिली. लष्कराचे कॅडेट येऊच शकत नव्हते, म्हणून नौदलाच्या निम्म्या विद्यार्थ्यांना हुकूम सुटला: आज तुम्ही लष्कराच्या बाजूने ओरडायचं. तीन दिवसांनी, १ डिसेंबरपासून, देशभर पेट्रोलचं रेशनिंग लागू झालं.

इथवर ही गोष्ट एका चांगल्या संघाची आणि थोड्या नशिबाची आहे. खरी गुंतागुंत १९४३ मध्ये सुरू होते.

सैन्याला लाखो शिपाई हवे होते तसे शिकलेले अधिकारी आणि तंत्रज्ञही हवे होते. मुलं भरतीत गेल्यामुळे कॉलेजं ओस पडायला लागली होती. यावर तोडगा म्हणून लष्कराने आणि नौदलाने आपापले शिक्षण कार्यक्रम काढले: मुलाला गणवेश घाला, पगार द्या आणि कॉलेजातच ठेवून इंजिनिअरिंग, गणित, भाषा, वैद्यक असलं काही शिकवा. नौदलाच्या कार्यक्रमाचं नाव होतं व्ही-१२, तो १ जुलै १९४३ ला सुरू झाला. लष्कराचा वेगळा होता. दोघांमध्ये फुटबॉलच्या दृष्टीने एकच फरक होता, पण तो सगळं उलटंपालटं करणारा होता. नौदल म्हणायचं, अभ्यास सांभाळून मुलाने कॉलेजच्या संघातून खेळायला हरकत नाही. लष्कर म्हणायचं, आमच्या मुलांना तेवढा वेळ नाही.

आता प्रत्येक युनिव्हर्सिटीचं नशीब ठरलं. नोत्र दाम, मिशिगन, पर्ड्यू यांच्याकडे नौदल आलं. ओहायो स्टेटकडे लष्कर. कोलंबसच्या आवारात शेकडो तगडी तरुण मुलं गणवेशात फिरत होती आणि त्यांतल्या एकालाही ब्राउन संघात घेऊ शकत नव्हता. त्याच्या १९४२ च्या संघातले बहुतेक जण सैन्यात गेले होते. उरलं कोण? भरतीचं वय अठरा, म्हणजे सतरा वर्षांची पोरं. पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळायची मनाई त्या वर्षी बिग टेनने उठवली होती, तोच काय तो आधार. ओहायो स्टेटच्या संघाचं टोपणनाव ‘बकाइज’; वर्तमानपत्रांनी या संघाला ‘बेबी बकाइज’ म्हणायला सुरुवात केली.

नौदलाच्या कॉलेजांत उलटं चित्र. नौदल मुलाला ज्या कॉलेजात पाठवेल तिथे तो शिकायचा आणि तिथूनच खेळायचा. आदल्या वर्षी विस्कॉन्सिनकडून ओहायो स्टेटला नाचवणारा एलरॉय हर्श १९४३ मध्ये मिशिगनचा झाला. मिनेसोटाचा बिल डेलीही मिशिगनकडे. इलिनॉयचे ॲलेक्स अगासे आणि टोनी बुटकोविच पर्ड्यूला गेले, आणि पर्ड्यूने त्या वर्षी एकही सामना गमावला नाही. मिशिगनने ब्राउनच्या पोरांना ४५-७ असं हरवलं. याला खेळाडूंची फोडाफोडी म्हणता येत नाही, कारण फोडलं सरकारने. आपल्याकडेही बदलीच्या हुकमाने एक गंमत घडली होती: ब्रिटिश सैन्यात असलेला डेनिस कॉम्प्टन हिंदुस्थानात होता, म्हणून १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तो ब्रेबॉर्नवर सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध उतरला आणि नाबाद २४९ धावा करून गेला. मुंबईने सामना तरीही जिंकला. अमेरिकेत असले कॉम्प्टन शेकड्यांनी होते.

नौदलवाल्यांचंही सगळं गोड नव्हतं. बदली हंगामाच्या मध्येच व्हायची. १९४३ चा विजेता संघ होता नोत्र दाम. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, अँजेलो बर्टेली सहा सामने खेळला आणि मरीन दलाने त्याला बोलावून घेतलं. तरी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्यालाच मिळाली. शेवटच्या सामन्यात नोत्र दामला हरवलं ते ग्रेट लेक्स या नौदलाच्या तळानेच. आणि अलाबामा, टेनेसी, स्टॅनफर्ड यांसारख्या बड्या नावांनी त्या वर्षी संघच उतरवला नाही.

बेबी बकाइजचा एक सामना सांगायलाच हवा. १३ नोव्हेंबर १९४३, समोर इलिनॉय, गुण २६-२६. वेळ संपली, दोन्ही संघ आत गेले, लोक घराकडे निघाले. मग पंचांच्या लक्षात आलं की शेवटच्या खेळीत इलिनॉयच्या चुकीची खूण झाली होती, म्हणजे ओहायो स्टेटला आणखी एक प्रयत्न मिळायला हवा. कपडे बदलत असलेल्या पोरांना परत बाहेर बोलावलं. जॉन स्टंगिस नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने तीन गुणांची किक (फील्ड गोल) मारली आणि अर्ध्या रिकाम्या स्टेडियमसमोर ओहायो स्टेट २९-२६ अशी जिंकली. वर्षातल्या तीन विजयांपैकी हा एक.

१९४४ मध्ये ब्राउन स्वतः नौदलात गेला आणि त्याला ग्रेट लेक्सच्याच संघाचा कोच नेमलं. ओहायो स्टेटची सूत्रं त्याचा मदतनीस कॅरल विडोज याच्याकडे आली. त्या वर्षी लेस होर्वाथ परतला. तो आता दंतवैद्यकाचं शिक्षण घेत होता, लष्कराच्या कार्यक्रमातून मोकळा झाला होता आणि त्याला खेळायला मिळालं. पोरासोरांच्या संघात तो एकटा जाणता. ओहायो स्टेट नऊपैकी नऊ सामने जिंकली, होर्वाथला हाइझमन मिळाली, आणि मतदानात संघ दुसरा आला. कारण पहिला होता वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ. अकादमीतला विद्यार्थी अधिकारी होईपर्यंत तिथेच असतो, त्याला मध्येच कोणी बोलावून नेत नाही. शिवाय इतर कॉलेजांतले उत्तम खेळाडू आता तिथे येऊन दाखल होत होते. डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस यांच्या त्या संघाने वर्षभरात ५०४ गुण केले, दिले फक्त ३५, आणि नोत्र दामला ५९-० असं हरवलं. सैन्य कॉलेजांना माणसं वाटत होतं तेव्हा स्वतःचं पान आधी वाढून घेत होतं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

१९४२ च्या मैदानातल्या मुलांचं पुढे काय झालं, याचा हिशेब गुणफलकापेक्षा मोठा आहे. ओहायो स्टेटला हरवणारा विस्कॉन्सिनचा डेव्ह श्रायनर जून १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर मारला गेला. त्याचा सहकारी बॉब बाउमनही त्याच बेटावर. क्लीव्हलंडच्या सामन्यात इलिनॉयकडून खेळलेला टोनी बुटकोविच त्यांच्या आधी, एप्रिलमध्ये, ओकिनावावरच गेला. ओहायो स्टेटचा दांते लाव्हेली दुखापतीमुळे १९४२ मध्ये जेमतेम तीन सामने खेळू शकला होता. तो डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमच्या सीमेवरच्या बल्जच्या लढाईत होता आणि जिवंत परतला. त्याच लढाईत क्सुरीला शौर्यासाठी ब्राँझ स्टार मिळाला. १९४२ च्या संघाचा सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून निवडलेला हा मुलगा. व्यावसायिक फुटबॉल न खेळता तो चित्रकलेकडे वळला आणि साठच्या दशकात ओहायो स्टेटमध्येच कॉम्प्युटरवर चित्रं काढणाऱ्या जगातल्या पहिल्या काही कलावंतांपैकी एक झाला.

बिल विलिसची गोष्ट वेगळी. तो कोलंबसचाच, कृष्णवर्णीय, आणि ब्राउनने त्याला पहिल्या अकरांत ठेवलं होतं, जेव्हा देशातल्या कित्येक युनिव्हर्सिट्या काळ्या मुलाला मैदानाच्या आत येऊ देत नव्हत्या. व्यावसायिक फुटबॉलचे दरवाजे तर १९३४ पासून बंदच होते. युद्धानंतर ब्राउन कोलंबसला परतला नाही. त्याने क्लीव्हलंडमध्ये नवा व्यावसायिक संघ उभारला, ज्याला त्याच्याच नावावरून ब्राउन्स म्हणतात. तिथे त्याने लाव्हेली, लिन ह्यूस्टन आणि १९४२ चे आणखी काही जुने गडी गोळा केले, आणि १९४६ मध्ये विलिस आणि ग्रेट लेक्समध्ये आपल्या हाताखाली खेळलेला मॅरियन मॉटली यांना घेतलं. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन यायला तेव्हा अजून एक वर्ष होतं. त्या वर्षी मायामीच्या सामन्याला या दोघांना नेता आलं नाही. फ्लोरिडात काळ्या आणि गोऱ्या खेळाडूंनी एकत्र खेळणं चालत नव्हतं.

मग १९४२ चं अजिंक्यपद खरं किती धरायचं? माझ्या मते युद्धकाळातल्या चार हंगामांत तेच सगळ्यात जास्त खरं. १९४३ मध्ये नौदल ज्याच्याकडे तो वरचढ होता, १९४४ आणि १९४५ मध्ये वेस्ट पॉइंटला गाठणं कोणाला शक्यच नव्हतं. १९४२ मध्ये बहुतेक कॉलेजांकडे अजून स्वतःची मुलं होती आणि कोचने घडवलेला संघ कोचचाच राहत होता. वाद घालायचाच तर तो जॉर्जियाने घालावा. पत्रकारांची शेवटची मतं पडून गेल्यावर तिने १ जानेवारी १९४३ ला रोझ बोलमध्ये यूसीएलएला ९-० असं हरवलं, आणि काही इतर क्रमवाऱ्यांनी तिलाच पहिलं मानलं. त्या वर्षीची हाइझमन जिंकणारा तिचा फ्रँक सिंक्विच वाढला होता तो ओहायोच्याच यंग्सटाउनमध्ये. सपाट तळव्यांमुळे मरीन दलाने त्याला पुढे घरी पाठवलं आणि तो डेट्रॉइटकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला. ओहायो स्टेट १९४२ हे आपलं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणून मिरवते. जॉर्जियाच्या यादीतही १९४२ आहे.